कॅमेरा रात्री मुक्कामाला कुठं होता?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की कुठलीही डॉक्युमेंट्री बघताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हा येतो, की शूटिंग संपल्यावर ही माणसं रात्री झोपायला कुठं जात होती? हॉटेलात, गावातल्या कुणाच्या ओसरीवर, की त्यांचं घरच तिथं होतं? त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. काहींना पटलं, काहींनी चांगलंच झापलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सात निवडलीत. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं मी जास्तच बोलणार, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, आम्हाला पहिल्याच लेक्चरला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ दाखवली आणि इथूनच डॉक्युमेंट्री सुरू झाली असं सांगितलं. नंतर वाचलं तर त्यात बरंच काही बनवलेलं. मग ती डॉक्युमेंट्री कशी? आणि तुमचा मुक्कामाचा नियम लावला तर त्याचा दिग्दर्शक फ्लाहर्टी पहिल्या नंबरात पास होतो, तो तर तिथंच राहत होता! — मास मीडियाची विद्यार्थिनी, नाशिक

पकडलंस मला. रॉबर्ट फ्लाहर्टी १९२०-२१ मध्ये कॅनडातल्या हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर, आज ज्याला इनुकजुआक म्हणतात तिथं, वर्षभर राहून शूटिंग करत होता, पैसे एका फर विकणाऱ्या फ्रेंच कंपनीचे. पिक्चर १९२२ ला आला आणि धो धो चालला. ‘नानूक’चं खरं नाव अलाकारियालाक, पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती, आणि शिकारीला तो भाला घेऊन जातो ते फ्लाहर्टीच्या आग्रहाखातर, कारण तोवर तिथं बंदुका आलेल्या होत्या. ग्रामोफोनची तबकडी तो दातानं चावून बघतो तेव्हा थिएटरात हशा पिकायचा म्हणे, पण अलाकारियालाकला ग्रामोफोन काय असतो ते ठाऊक होतं. हसलं कोण कुणाला तेच कळत नाही.

इग्लूचा सीन तर परत लावून बघच. त्या काळचा कॅमेरा म्हणजे धूड, इग्लूत मावायचा नाही आणि आत उजेडही नसायचा, मग अर्धाच इग्लू बांधला, एक बाजू सताड उघडी, आणि त्या उघड्या गारठ्यात त्या कुटुंबानं कपडे काढून, कातड्यांखाली शिरून, ‘झोपी जाण्याचं’ काम केलं. आता हे खोटं की खरं? मला विचारशील तर ते एका इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, माणसानं थंडीत कुडकुडत केलेल्या अभिनयाचं अगदी खरंखुरं चित्रण आहे. आणि पडद्यामागं फिल्म धुवायला लागणारं पाणी बर्फाला भोक पाडून आणणारे, बिघडलेला कॅमेरा खोलून परत जोडणारेही इनुइटच होते. तेव्हा तो पिक्चर त्यांचाही आहे, नाव लागलं एकाचं.

मुक्कामाचं म्हणशील तर गोष्ट पुढं आहे आणि ती मला नियमापेक्षा मोठी वाटते. पडद्यावर नानूकची बायको झालेल्या बाईला, फ्लाहर्टी निघून गेल्यावर, त्याच्यापासून मुलगा झाला. नाव जोसेफी. बापानं कधी तोंड दाखवलं नाही की चौकशी केली नाही. पुढं १९५० च्या दशकात कॅनडा सरकारनं इनुकजुआकमधली कुटुंबं उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन टाकली, शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत आणू असं सांगून, आणि परत काही आणलं नाही. १९५५ साली त्यात जोसेफीचंही कुटुंब होतं. जिथं हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही अशा ठिकाणी. त्याची मुलगी मार्था तेव्हा पाच वर्षांची. तिची कहाणी ‘मार्था ऑफ द नॉर्थ’ या २००९ च्या डॉक्युमेंट्रीत आहे, आणि सरकारनं या प्रकरणाची माफी मागितली ती २०१० ला. दोन्ही पिक्चर एका बैठकीत बघ, आधी आजोबाचा, मग नातीचा. तर माझा नियम थोडा सुधारून घेते, राहिला होता का एवढंच नाही, परत गेला का तेही विचारायचं.

प्रश्न: आमची जमीन नवी मुंबई विमानतळात गेली. साडेबारा टक्के जमीन परत, पॅकेज, सगळं झालं, आता डोक्यावरून विमानं जातात. पोरं म्हणतात जाऊ द्या आता. पण आमच्यासारख्या शेतकऱ्यांवर जगात कुणी पिक्चर काढलाय का? — एक प्रकल्पग्रस्त, पनवेल तालुका

काढलाय दादा, एक नाही, सात. जपानमध्ये. तुमचं पत्र वाचलं आणि खरं सांगते, मला उत्तर शोधावं लागलं नाही.

१९६६ मध्ये जपान सरकारनं ठरवलं की टोकियोचा नवा विमानतळ नारिताजवळ सानरिझुका भागात बांधायचा, आणि हे तिथल्या शेतकऱ्यांना आधी कुणी विचारलंही नाही. त्यातले कित्येक असे की युद्धानंतर सरकारनेच त्यांना तिथं पडीक जमीन कसायला दिलेली, वीस वर्षं घाम गाळून ती कुठं नांगराखाली आली तोवर नोटीस. भुईमूग, रताळी, भाजीपाला पिकवणारी साधी माणसं. ती जी भडकली ती भडकलीच. बायकांनी स्वतःला साखळदंडानं झाडांना बांधून घेतलं, माणसांनी जमिनीखाली भुयारं खणून त्यात मुक्काम ठोकला, लाकडी बुरूज उभारले, आणि समर्थकांच्या नावावर जमिनीचे इवलेइवले तुकडे करून टाकले, म्हणजे संपादन करायला गेलं की शेकडो सह्या गोळा करत बसा. (सात-बाऱ्यावर वीस नावं असली की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.)

शिन्सुके ओगावा नावाचा दिग्दर्शक १९६८ ला आपली पोरंसोरं घेऊन तिथं गेला आणि तिथंच राहिला. भाड्यानं घर, एकत्र जेवण, पैशांची कायम बोंब. पहिल्या पिक्चरमध्ये लाठ्या, पोलीस, आरडाओरडा जास्त आहे. ‘नारिता: पेझंट्स ऑफ द सेकंड फोर्ट्रेस’ हा १९७१ चा, तो सगळ्यात गाजलेला. त्यात एक माणूस भुयार कसं खणलं, हवा कुठून येते, माती कशी उपसली ते इतक्या अभिमानानं दाखवतो की वाटावं नवी विहीर दाखवतोय. पण माझं मन विचाराल तर ते १९७३ च्या ‘हेता व्हिलेज’मध्ये अडकलंय. त्यात मारामारी जवळजवळ नाहीच. म्हातारी माणसं बसून बोलतात, गावात कुठल्या घराचं कुठल्या घराशी काय नातं, देवाचा पार कुठं, तुरुंगात गेलेल्या पोरांचं काय करायचं, आणि कॅमेरा ऐकत बसतो, घाई नाही. पाच वर्षं राहिल्यावर दिग्दर्शकाला उमगलं असणार की लढाई दगडधोंड्यात दिसते तेवढीच नसते, ती या ओसरीवरच्या गप्पांत जास्त असते, कारण विमानतळ जमीन घेतो तेव्हा या गप्पाही घेऊन जातो.

पुढं काय झालं तेही सांगते. मार्च १९७८ मध्ये, उद्घाटनाला चारेक दिवस राहिलेले असताना, आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रं फोडली, उद्घाटन मे महिन्यावर गेलं. विमानतळ झाला, पण एकच धावपट्टी घेऊन. दुसरी धावपट्टी सुरू व्हायला २००२ उजाडलं आणि तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण काही शेतकरी हललेच नाहीत. सगळंच काही साजरं करण्यासारखं नव्हतं, १९७१ च्या झटापटीत तीन पोलीसही मेले, ते विसरून चालणार नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात १९८४ ला आपल्याकडं पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, हे तुम्ही जगलेलं आहे, मी फक्त वाचलेलं.

आणि ओगावाची टीम? ती पुढं यामागाता भागातल्या मागिनो नावाच्या गावात जाऊन राहिली आणि चक्क भातशेती करू लागली. जवळच्या फुरुयाशिकी गावात एकदा थंडीनं भात मारला तर या लोकांनी काय करावं, डोंगरदरीचं लाकडामातीचं मॉडेल बनवलं, त्यावर कोरड्या बर्फाचा धूर सोडला आणि गार हवा कुठल्या खिंडीतून उतरून कुठल्या खाचरात साचते ते कॅमेऱ्यावर दाखवलं. म्हणजे पिक्चर काढता काढता शेतकऱ्याचा कृषी अधिकारी झाला. हा १९८२ चा पिक्चर साडेतीन तासांचा आहे, एका रविवारी जेवून बसा. ‘जाऊ द्या आता’ म्हणणाऱ्या पोरांना सोबत बसवलंत तर उत्तम, नाही बसली तर नाही.

प्रश्न: आई ७४ वर्षांची, इंग्रजी येत नाही, या पिक्चरना मराठी सबटायटल नसतात. तिला काय दाखवू? — एक मुलगी, सांगली

‘हनीलँड’ लावा, २०१९ चा, उत्तर मॅसेडोनियातला. हातिजे नावाची मधमाश्या पाळणारी बाई, ओसाड गावात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईसोबत राहते, वीज नाही, पाणी लांबून. पोळ्यातून मध काढताना अर्धा स्वतःला घेते, अर्धा माश्यांना ठेवते. मग शेजारी एक खटल्याचं कुटुंब येतं, पोरं, गुरं, ट्रेलर, गोंगाट, आणि त्या बाप्याला अर्धा मध पुरत नाही. पुढचं सांगत नाही.

गंमत अशी की या दोघी बोलतात ती जुन्या धाटणीची तुर्की, जी दिग्दर्शकांनाच समजत नव्हती! तीन वर्षं शूटिंग, चारशे तासांचं फुटेज, आणि एडिटिंगची सुरुवात त्यांनी नुसत्या चित्रांवरून, हावभावांवरून केली, बोलणं काय आहे ते नंतर भाषांतर करून घेतलं. म्हणजे तुमच्या आईची आणि त्यांची अडचण एकच. माझ्या सासूबाईंना मी हा पिक्चर आवाज बारीक करून दाखवला, मधे मधे सांगत होते, तर अर्ध्या तासानं म्हणाल्या, तू गप बस, कळतंय मला.

प्रश्न: आम्ही मिसिसागाला राहतो. मुलं ३० सप्टेंबरला शाळेत नारंगी टीशर्ट घालून जातात, इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांमध्ये ठेवलं तिथं जे झालं त्याची आठवण म्हणून. मुलं प्रश्न विचारतात आणि आम्हा दोघांना काहीच माहीत नसतं, लाज वाटते. सुरुवात कुठून करू? — एक आई, कॅनडा

लाज कसली, तुम्ही विचारताय तरी. अलानिस ओबोमसाविन हे नाव लिहून ठेवा. जन्म १९३२, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी अबेनाकी समाजाची बाई, आधी गाणी म्हणायची, गोष्टी सांगायची, १९६७ पासून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात, आणि तिनं पन्नासहून जास्त पिक्चर केलेत. तिचे बरेचसे पिक्चर बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात, तुम्हाला तर घरबसल्या.

मुलांसाठी तिचा पहिला पिक्चर घ्या, ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’, १९७१ चा, १३ मिनिटांचा. उत्तर ऑन्टारिओतल्या निवासी शाळेतल्या मुलांनी खडूनं काढलेली चित्रं आणि त्यांचेच आवाज, एवढंच. रडारड नाही, आरोप नाही, घरी कुत्रा आहे, बर्फ आहे, आई आहे. पण ही मुलं घरापासून लांब बसून घर काढतायत हे कळलं की घशात काहीतरी अडकतं.

मुलं झोपली की तुम्ही दोघं ‘कानेसाताके: २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स’ बघा, १९९३ चा, दोन तासांचा. मॉन्ट्रियलजवळ ओका नावाचं गाव. तिथल्या नऊ होलच्या गोल्फ कोर्सला अठरा होल करायचे होते आणि शेजारी बंगले बांधायचे होते, आणि त्यासाठी जी पाइनची राई तोडायची ती मोहॉक या मूळ रहिवासी लोकांची, तिथंच त्यांची दफनभूमीही. गोल्फसाठी! मोहॉक लोकांनी रस्ता अडवला. ११ जुलै १९९० ला पोलिसांनी हल्ला केला, गोळीबारात एक पोलीस मेला, आणि मग सैन्य आलं, काटेरी तारा, हेलिकॉप्टरं, ७८ दिवस वेढा.

अलानिस पहिल्या दिवसांतच तिथं पोचली आणि तारेच्या आतल्या बाजूला राहिली. आत खायचं सामान येऊ देईनात, फिल्मची ने-आण अडवायला लागले, तसतसे पत्रकार बाहेर पडले, ही तिथंच जमिनीवर झोपली, टीम घटली तेव्हा रेकॉर्डिंगही स्वतःच करत राहिली. म्हणून तिच्या पिक्चरमध्ये सैनिकाचं तोंड दिसतं ते तारेच्या या बाजूनं, टीव्हीवर दिसायचं ते त्या बाजूनं. एवढ्या एका फरकानं सगळं उलटं होतं हो, बातम्यांत जे मुखवटे घातलेले दांडगे दिसत होते ते इथं पोराला जेवू घालणारे, टिंगलटवाळी करणारे, घाबरलेले दिसतात. आणि मध्येच ती थांबून २७० वर्षांचा कागदपत्रांचा इतिहास सांगते, १७१७ मध्ये फ्रेंच राजानं ही जमीन पाद्र्यांना कशी देऊन टाकली तिथपासून. हा भाग काहींना रटाळ वाटतो, मला नाही वाटत, जमिनीचं भांडण कळायला फेरफार उतारे बघावेच लागतात.

याच वेढ्यावर तिनं आणखी तीन पिक्चर केले. दहा वर्षं पिच्छा सोडला नाही.

प्रश्न: या सगळ्या डॉक्युमेंट्री एकतर्फी असतात. दुसरी बाजू दाखवतच नाहीत. तुम्हीही तेच करता. — एक नियमित पण नाराज वाचक, पुणे

काका, असतात एकतर्फी. मान्य. पण दुसरी बाजू दाखवत नाहीत म्हणजे नेमकं काय ते बघू या.

‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ घ्या, २०११ चा. वेस्ट बँकमधलं बिलिन गाव, इमाद बुर्नात हा पॅलेस्टिनी शेतकरी, त्याला २००५ मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून त्यानं कॅमेरा घेतला, बारशाचे फोटो काढतात तसा. त्याच सुमाराला इस्रायलचं कुंपण गावाच्या जैतुनाच्या बागांमधून यायला लागलं, दर शुक्रवारी मोर्चे सुरू झाले आणि कॅमेरा तिकडं वळला. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले, कुठला अश्रुधुराच्या नळकांड्यानं, कुठला गोळीनं, एकानं तर इमादला लागणारी गोळी स्वतःवर झेलली. सहदिग्दर्शक कोण, तर गाय दाविदी, इस्रायली. मोर्च्यातही इस्रायली माणसं आहेत. इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये कुंपणाचा मार्ग बदलायला सांगितलं आणि ते हललं २०११ ला, हेही त्यात आहे. तेव्हा दुसरी बाजू आहे, फक्त ती सोफ्यावर बसून मुलाखत देत नाही, ती जीपमधून येते. ज्याच्या घरात मध्यरात्री सैनिक येऊन पोरांची नावं लिहून घेतात त्यानं त्या सैनिकाला माईक देऊन ‘आपलं काय मत’ विचारायचं, ही अपेक्षा मला जरा जास्त वाटते. या पिक्चरला मुक्कामाचा प्रश्नच लागू होत नाही, तो माणूस घरीच होता.

आणि तटस्थ राहण्याची किंमत कोण कुठल्या बाजूनं मोजतं तेही बघा. चिलीत १९७३ मध्ये सैन्यानं सरकार उलथवलं. त्याआधी जूनमध्ये बंडाचा पहिला प्रयत्न झाला तेव्हा लिओनार्दो हेनरिक्सेन हा अर्जेंटिनाचा कॅमेरामन रस्त्यावर शूट करत होता. सैनिकानं त्याच्यावर नेम धरला, त्यानं कॅमेरा खाली घेतला नाही, गोळी लागली आणि चित्र हललं. स्वतःचा मृत्यू त्यानं शूट केला. ते दृश्य पात्रिसियो गुझमानच्या ‘बॅटल ऑफ चिली’मध्ये आहे. गुझमानचा स्वतःचा कॅमेरामन होर्हे म्युलर, त्याला १९७४ च्या नोव्हेंबरात लष्करी राजवटीनं उचललं, तो आजतागायत सापडला नाही. फिल्मचे डबे स्वीडनच्या वकिलातीच्या मदतीनं जहाजातून बाहेर गेले, एडिटिंग क्युबात झालं. आणि चिलीच्या टीव्हीवर हा पिक्चर पहिल्यांदा कधी लागला? २०२१ ला. तोवर तिथल्या दोन पिढ्यांनी दुसरी बाजूच बघितली होती, पुरेपूर.

रागावू नका, पुढच्या महिन्यात लिहा परत. तुमचं पत्र नसलं की चुकल्यासारखं होतं.

प्रश्न: सगळं जपान, चिली, कॅनडा. मराठी माणसाचं काही नाही का? — दोन वाचक, ठाणे आणि लातूर, जवळपास त्याच शब्दांत

आहे की, आणि अव्वल दर्जाचं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. तारीख ११ जुलै १९९७, म्हणजे ओकाच्या हल्ल्याची तीच तारीख, हे मला वरचं उत्तर लिहिताना लक्षात आलं आणि पेन खाली ठेवून चहा करायला गेले.

चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये ते गायलेले, ओळख तेव्हापासूनची. तिथून कॅमेरा सुरू झाला तो चौदा वर्षं, २०११ ला पिक्चर पुरा. तीन तासांहून मोठा, पण कंटाळा येत नाही कारण निम्मा पिक्चर गाण्यांचा आहे. वस्तीतल्या बायका, जलसे, भीमगीतं, पुढं कबीर कला मंचाची पोरं, शीतल साठेचा तो आवाज. पुस्तकात चळवळीचा इतिहास वाचणं वेगळं आणि ढोलकीवर तो ऐकणं वेगळं. आम्ही एका हॉलमध्ये दाखवला होता, मागच्या रांगेतल्या बाया पडद्याबरोबर म्हणायला लागल्या आणि पुढं बसलेले आम्ही शिकलेसवरलेले वळून वळून बघत होतो. कुणाचा पिक्चर चाललाय ते तेव्हा कळलं.

प्रश्न: माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, शेकड्यानं पाठ आहेत. वय ८२. मला मोबाइलवर डॉक्युमेंट्री करायचीय. काय काळजी घेऊ? आणि यूट्यूबवर टाकू का? — नातू, परभणी जिल्हा

आधी हे सांगते की तू एकटा नाहीस. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त भरल्या, आणि त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहेत, बऱ्याच ऐकताही येतात. आजींना त्यातल्या चारदोन ऐकव, बघ, ‘असं नाही, आमच्यात असं म्हणतात’ म्हणून सुरूच होतील. मुलाखतीची याहून चांगली सुरुवात नाही.

दुसरं, न्यूझीलंडचा बॅरी बार्कले, माओरी दिग्दर्शक, त्यानं १९७४ ला माओरी लोकांवर टीव्हीची सहा भागांची मालिका केली. तो कॅमेरा लांब ठेवायचा, झूमनं बघायचा, म्हणजे म्हातारी माणसं एकमेकांशी बोलत राहतील, कॅमेऱ्याशी नाही. त्याचं म्हणणं, सभेत नवखा माणूस जसा मागं बसून ऐकतो तसा कॅमेरा असावा. तू मोबाइल लांब ठेवलास तर आवाज जाईल, म्हणून एक साधा कॉलर माईक घे, पदराच्या आत लाव, पदराबाहेर लावलास तर बांगड्या आणि कापड खरखरतं. मोबाइल आडवा, एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन ओवीत बँकेचा फोन येतो, माझा आलाय. रोज रात्री सगळं दुसरीकडं कॉपी कर. आजींसमोर एकटा बसू नकोस, त्यांच्या वयाची शेजारीण बसव, कारण ओवी नातवाला सांगायची गोष्ट नाही, ती बाईनं बाईला सांगायची. सासूवरच्या, नवऱ्यावरच्या ओव्या तुझ्यासमोर येणारच नाहीत. आणि शक्य असेल तर खरंच दाणे टाकून जातं फिरव, रिकामं जातं वेगळं वाजतं, आजींचे हात लगेच ओळखतात.

यूट्यूबचं आजींना विचार. ‘टाकू का’ एवढंच नाही, टाकल्यावर कोण कोण बघेल ते सांगून विचार, गावातली, माहेरची, सगळी. एखाद्या ओवीत कुणा घरातलं काही असेल तर त्या स्वतःच म्हणतील ही काढ. काढायची. आधी घरात, मग गल्लीत भिंतीवर चादर लावून दाखव, लोक काय बोलतात तेही रेकॉर्ड कर, तो कदाचित तुझ्या पिक्चरचा दुसरा भाग निघेल.

हां, आणि शूटिंगच्या वेळी पंखा बंद कर, त्याचा आवाज भयंकर येतो. पण परभणीचा उन्हाळा आहे, आजींना उकडत असेल तर चालू राहू दे, पंख्यासकट ओवी चालेल.